लॉकडाऊनमध्ये वाडीतल्या मुलांना इंग्रजी शिकवलं होतं, आता पुन्हा बोलावणं आलंय

खाडीकाठ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज सल्ला हवा आहे म्हणून सगळं लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमची वाडी दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून फार लांब नाही. पंचवीस-तीस घरं, खाली खाडी, वर कातळ. २०२० च्या मे महिन्यात आम्ही डोंबिवलीहून गावी आलो. मुंबईकर म्हटल्यावर चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं होतं. ज्या खोलीत मी चौथी केली त्याच खोलीत बाकं भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या. फळ्यावर मार्चमधली तारीख आणि त्याखाली सुविचार तसाच. संध्याकाळी मुलं गडग्याच्या पलीकडे लांब उभी राहून आमच्याकडे बघायची. एकाने ओरडून विचारलं, "काका, तुम्ही कधी जाणार शाळेतून?" त्याला त्याची शाळा परत हवी होती. मला ते फार लागलं.

आम्ही बाहेर पडून आठवडा होतो न होतो तोच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात त्याने काय केलं ते तिकडच्यांना सांगायला नको. कौलं पत्त्यासारखी उडाली, आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या. आमच्याकडे वीज यायला महिना उलटला. फोन चार्ज करायला माणसं दापोलीला जायची. अशात ऑनलाइन शाळेचे मेसेज येऊन पडत होते आणि ते उघडायला बॅटरी नव्हती.

जूनच्या अखेरीला गावकीची बैठक झाली. कुणाच्या घरावर आधी ताडपत्री घालायची हे ठरवायला जमलेली माणसं. त्यातच एक बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात, घरीच बसलेले आहात, पोरांचं एवढं इंग्रजी तरी करून घ्या." इंग्रजीच का, तर बाकीचं आईबाप जमेल तसं घेऊ शकत होते. आमच्या पिढीने एबीसीडी पाचवीत पाहिली. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पहिलीच्या पोराचं पुस्तक हातात घेऊन आई गप्प बसते, ही गोष्ट मी घरोघरी पाहिली.

गावकीने अटी घातल्या आणि त्या योग्यच होत्या. एका वेळी बारा मुलं, पायरीवर साबण-पाणी, नाका-तोंडाला रुमाल, आणि ज्याच्या घरी बाहेरून कुणी आलं असेल त्याने चौदा दिवस यायचं नाही. वर्ग आमच्या पडवीत, दुपारी चार ते साडेपाच.

पहिल्याच दिवशी कळलं की मुलांना पुष्कळ पाठ आहे. एबीसीडी एका श्वासात, कविता हातवाऱ्यांसकट, महिने, वार, सगळं. पण मी फळ्यावर एन-ई-टी लिहिलं तर सहावीचा मुलगासुद्धा "एन, ई, टी" एवढंच म्हणाला. अक्षराचं नाव येत होतं, त्या अक्षराचा आवाज कुणी दिलाच नव्हता. मराठीत क हे नावही आहे आणि आवाजही, त्यामुळे हा गोंधळ मुलांच्या मनातही येत नाही. मी पुस्तक मिटलं आणि आवाजांपासून सुरुवात केली. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घेतली, कारण तेवढ्यांत सॅट, पिन, टॅप, नॅप, स्पिन असे कितीतरी शब्द बनतात. चार दिवसांत मुलं न पाहिलेला शब्द वाचायला लागली. पिन वाचल्यावर एका मुलीने परकराची पिन काढून दाखवली, तो चेहरा मी विसरणार नाही.

मग एक गोष्ट सापडली, ती सांगायलाच हवी. झेडचा आवाज काही केल्या येईना, सगळी झू च्या जागी जिभेतला ज म्हणत. शेवटी एक बारका म्हणाला, "काका, हा तर जाळ्यातला ज!" अगदी बरोबर. आपल्या मराठीत जाळ्यातला ज वेगळा आणि जिभेतला ज वेगळा. जाळं म्हणताना जीभ दातांकडे जाते, तिथून झेड अगदी जवळ. जीभ म्हणताना जो ज येतो तो इंग्रजी जे. तसंच चूल आणि चार. चारमधला च घ्या, की चेअर आलीच. लिहिताना आपण दोन्ही एकच अक्षर लिहितो, पण तोंडात दोन्ही आवाज आहेत. तेव्हापासून मी नवीन आवाज आला की आधी विचारायचो, हा आपल्याकडे कुठल्या शब्दात आहे?

रुमालाचा मात्र फार त्रास झाला. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात, हे दिसल्याशिवाय कसं कळणार? मग मी अंगणाच्या पार टोकाला उभा राहून, रुमाल खाली करून, ओरडून दाखवायचो. पाऊस असला की तेही नाही. त्या दिवशी नुसती माशांची नावं घ्यायचो. ती मात्र मुलांनीच मला शिकवली असं म्हणायला हवं. बांगडा म्हणजे मॅकरेल, तारली म्हणजे सार्डिन, म्हाकुल म्हणजे स्क्विड. मोरी म्हणजे शार्क हे कळलं तेव्हा वर्गात एवढी आरडाओरड झाली की माझी काकी धावत बाहेर आली. 'वी ईट शार्क' हे वाक्य पुढे महिनाभर प्रत्येक वहीत होतं.

आणि एक चूक. दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, स्वतःच्या मनाचं एक इंग्रजी वाक्य करा. एका सहावीतल्या मुलीने लिहिलं, 'विंड टेक रूफ'. मी लगेच लाल पेनने टेकचं टुक केलं, द घातला, वही परत दिली. ती काही बोलली नाही. रात्री ताडपत्रीखाली पडल्यावर माझ्या डोक्यात आलं की त्या मुलीने आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य लिहिलं, त्यात तिचं घर मोडल्याचं सांगितलं, आणि मी त्यात काळ दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, मग पाऊस आल्यावर तुम्ही कुठे झोपलात? ती दहा मिनिटं मराठीत बोलली. शेवटी आम्ही दोघांनी मिळून त्याची चार इंग्रजी वाक्यं केली. त्यानंतर लाल पेन मी पडवीत आणलं नाही.

गणपतीत वर्ग बंद ठेवला, चाकरमानी यायचे होते. भातकापणीत अर्धी मुलं शेतात. तरी जानेवारीपर्यंत वर्ग चालला. मग १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळांत सगळ्यांसाठी लोकल सुरू झाल्या आणि ऑफिसने बोलावलं. मी मुलांना सांगितलं, पंधरा दिवसांनी येतो. मनापासूनच सांगितलं होतं. पण आलो नाही. मग एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले. मी पुन्हा गावी पोचलो ते त्या वर्षीच्या गणपतीला.

काकीने सांगितलं की मी गेल्यावरही मुलं चार वाजता पडवीत येऊन बसायची. विंड टेक रूफवाली मुलगी लहानांना सहा अक्षरं घ्यायची. जवळजवळ तीन आठवडे. मग एकेक करून यायची थांबली. फळा काकीने पुसला नाही, तो मी पुसला.

आता वाडीतून निरोप आला आहे की या मे महिन्यात पुन्हा वर्ग घ्या. मुलं दुसरी, नवी आहेत. मला जायचं आहे. पण पुन्हा तसंच सोडून यायचं नाही. तेव्हा ज्यांनी कुणी शिकवलं, ज्यांची मुलं शिकली, त्यांनी लिहा. काय करू, आणि काय करू नको?

सुरंगीचो वळेसर

वाचून डोळ्यांत पाणी इला. आमच्या देवगडात पण असाच होता. माझो भाचो रोज आंब्याच्या कलमार चढान बसायचो, थयच रेंज येय. खाली आजी काठी घेवन उभी, पडात म्हणान. तुम्ही मे महिन्यात नक्की जावा, पण आंबो काढूचे दिवस लक्षात ठेवा. सकाळी कोणाची पोरां गावाची नाय.

चौथीचा वर्ग

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, अठरा वर्षं झाली, सगळी रत्नागिरी जिल्ह्यात. खाडीकाठ, तुम्ही मनापासून लिहिलं आहे म्हणून मीही मनातलं लिहिते. राग मानू नका.

तुमच्या इतक्या मोठ्या लेखनात शाळेतले गुरुजी किंवा बाई कुठेच नाहीत. तुम्ही त्यांना एकदाही भेटला नाहीत का?

त्या वर्षी आम्ही काय करत होतो ते गावाला दिसलं नाही, कारण आम्ही वर्गात नव्हतो. मी तपासणी नाक्यावर रात्रपाळी केली. गावात कोण आलं, कोणाला ताप आहे, याच्या याद्या केल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमाचा रोजचा अभ्यास ग्रुपवर टाकायचा, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कागदावर उतरवून दुकानात ठेवायचा. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या अभ्यासाचं टिलीमिली सुरू झालं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण त्याला इंटरनेट लागत नव्हतं. पण वीज लागत होती, आणि वादळाच्या पट्ट्यात ती कुठे होती?

माझ्या गावातही एक दादा मुंबईहून येऊन शिकवत होते. चांगलं शिकवत होते. पण शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही अक्षरं चुकीची शिकवता, दादांनी वेगळी शिकवलीत." त्याचं चुकलं नव्हतं. मी नावं घेत होते, दादांनी आवाज घेतले होते. दोन मोठ्या माणसांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं, ते न बोलल्यामुळे तो ताण आठ वर्षांच्या मुलावर आला. आणि तो दादा तोपर्यंत निघून गेला होता. मुलाला रोज माझ्यासमोरच बसायचं होतं.

पहिली ते चौथीचे ग्रामीण भागातले वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे मार्च २०२० मध्ये जे पहिलीत होतं ते मूल पुन्हा वर्गात आलं ते थेट तिसरीत. माझ्या तिसरीत तेव्हा अशी मुलं होती ज्यांना मराठी जोडाक्षर वाचता येत नव्हतं आणि 'हाऊ आर यू, आय ॲम फाइन' मात्र खणखणीत येत होतं. पालक खूश. मी त्या मुलांना घेऊन पुन्हा काना-मात्रेपासून बसले.

तर माझं एवढंच मागणं. मे महिन्यात वर्ग घ्यायच्या आधी शाळेतल्या शिक्षकांना फोन करा. कोणतं मूल कुठे अडलंय हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतं.

खाडीकाठ

बाई, राग कसला. खरं आहे, मी गुरुजींना भेटलो नाही. शाळा बंद म्हणजे गुरुजी घरी, असं मी गृहीत धरलं होतं. आमच्या शाळेचे गुरुजी त्या काळात बंदरावर ड्युटीला होते हे मला नंतर कळलं. उद्याच फोन करतो.

तांडेलाची सून

आमच्या घरात तेव्हा एक स्मार्टफोन होता, तो मुलांचे बाबा बोटीवर नेत. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा फोन घरात, आणि नेमकी तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती. १ ऑगस्टपासून बोटी सुटल्या, वीज आली, तर फोन समुद्रात. माझी मोठी मुलगी त्या वर्षी एकही ऑनलाइन तास बघू शकली नाही. लोक म्हणायचे, फोन घ्या की एक. मासळीला गिऱ्हाईक नव्हतं, लिलाव धड होत नव्हता, डिझेलची उधारी होती.

आमच्या शेजारी एक कॉलेजची मुलगी होती, तिने ओट्यावर पाच-सहा पोरींना घेतलं. तिने एक फार छान केलं होतं. ती आम्हा बायकांनाही मागे बसवून घ्यायची. मासे निवडता निवडता आम्ही ऐकायचो. मला आज औषधाच्या बाटलीवरचं, एसटीच्या पाटीवरचं इंग्रजी लावून लावून वाचता येतं ते तिच्यामुळे. ती लग्न होऊन गेली तेव्हा तिने अक्षरांची कार्डं माझ्याकडे दिली. म्हणाली, काकी, तुम्हाला येतात ना आवाज, मग लहानीचे तुम्हीच घ्या. माझ्या धाकटीचे पहिले आवाज मी घेतलेत. म्हणून सांगते, दादा, वाडीतल्या एखाद्या आईला सोबत घ्या. तुम्ही जाणार, ती तिथेच राहणार.

मूळगाव राजापूर

वरच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलंय.

मी पुण्यात असतो. तेव्हा गावी जाऊ शकलो नाही, म्हणून साध्या फोनवरून शिकवलं. इंटरनेट नाही, व्हिडिओ नाही. बटणांचा फोन जवळपास प्रत्येक घरात होता. कॉन्फरन्स लावून एका वेळी चार मुलं, संध्याकाळी सात ते साडेसात, आठवड्यातून चार दिवस. ऑगस्ट २०२० ते मार्च २०२१.

फोनवर शिकवताना काय अडतं ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. एस आणि एफ फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात, कारण या आवाजांतला वरच्या पट्टीचा जो भाग त्यांना वेगळं करतो तो फोन पोचवतच नाही. मला वाटायचं मूल चुकतंय, मुलाला वाटायचं मी चुकतोय. मग आम्ही नियम केला, प्रत्येक आवाजाला एक शब्द जोडायचा. सनमधला एस, फॅनमधला एफ. दुसरं म्हणजे गप्प बसणं. समोर मूल दिसत नाही, त्यामुळे ते विचार करतंय की उठून गेलंय ते कळत नाही, आणि आपण घाईने उत्तर सांगून टाकतो. मी मनात दहा आकडे मोजायला शिकलो. सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर यायचं.

फोनवर वाचन जमत नाही, बोलणं जमतं. म्हणून मी फक्त बोलण्याचं ठेवलं. आज घरात काय शिजलं, गाय व्यायली का, ओढ्याला पाणी किती आलं. एक मुलगा रोज त्यांच्या म्हशीची बातमी द्यायचा. 'बफेलो इज अँग्री टुडे.' हा अँग्री शब्द त्याने स्वतः मागून घेतला होता. पुस्तकातून दिलेले शब्द आठवड्यात विसरायचे, मागून घेतलेले राहायचे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सोडून येण्याचा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शिमग्यापर्यंत घेईन. शिमगा म्हटल्यावर मुलांना तारीख सांगावी लागत नाही. शिमगा आला तेव्हा शेवटच्या फोनवर प्रत्येकाने एक गोष्ट इंग्रजीत सांगितली, आजी-आजोबा फोनभोवती बसून ऐकत होते. रडारड झाली थोडी, पण कुणी वाट बघत बसलं नाही. पंधरा दिवसांनी येतो हे वाक्य मात्र मुलांना सांगू नये, असं मला वाटतं. मूल पंधरा दिवस मोजतं.

देवरुखकर काका

सगळ्यांच्या कळकळीबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. या पडवीतल्या वर्गांत इंग्रजीलाच एवढं महत्त्व का? मुलं दीड-दोन वर्षं शाळेबाहेर होती. त्यांना गोष्टी वाचून दाखवायच्या, मराठी वाचायला लावायचं, गणितं घालायची. गावात शिकलेला माणूस आला की सगळ्यांना पहिल्यांदा इंग्रजी आठवतं. त्यात मुलाच्या मनात बसतं की आपली भाषा कमी. माझ्या नातवाने मला विचारलं होतं, आजोबा, तुम्ही बोलता ते गावंढळ ना?

चौथीचा वर्ग

काका, मराठी आधी पक्कं हवं याबाबत मी तुमच्याच बाजूची आहे, वर लिहिलंच आहे. पण पालक इंग्रजी मागतात त्यामागे त्यांचे स्वतःचे अनुभव आहेत. बँकेत, दवाखान्यात, मुलाखतीत त्यांना गप्प बसावं लागलंय. त्यांना नाही म्हणायचा हक्क मला नाही.

आणि इंग्रजी शिकवताना मुलाची भाषा कमी ठरलीच पाहिजे असं नाही. मी वर्गात एक तास शब्दांच्या प्रवासाचा घेते. काजू आणि कॅश्यू हा एकच शब्द. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला, झाडासकट आपल्या किनाऱ्यावर आणला, आपण काजू म्हटलं, इंग्रजांनी कॅश्यू. बटाटा आणि पोटॅटो तसेच एका मुळाचे. आणि मुंगसाला इंग्रजीत जे मंगूस म्हणतात तो शब्द तर मराठीतूनच गेलाय! हे कळल्यावर माझ्या वर्गातली मुलं घरी जाऊन आजीला सांगतात की इंग्रज आपला शब्द वापरतात. तुमच्या नातवालाही सांगा. आणि खाडीकाठ यांनी सांगितलेलं जाळं आणि जीभ हे मला माहीत नव्हतं, म्हणजे तोंडात होतं पण कधी लक्षात आलं नव्हतं. सोमवारपासून माझ्या वर्गात येणार.

देवरुखकर काका

मंगूस मराठी? हे आज कळलं. आत्ताच फोन लावून नातवाला सांगितलं.

तरी माझं म्हणणं राहू द्या. खाडीकाठ, दीड तासातला अर्धा तास मराठी वाचनाला द्या. शाळेच्या पेटीत गोष्टींची पुस्तकं असतात, ती सुट्टीत बंद कपाटात पडून असतात. गुरुजींना मागून घ्या.

कातळसडा

मी इथे नेहमी नुसतं वाचते. आज लिहायलाच हवं असं वाटलं.

मी गुहागर तालुक्यातली. लॉकडाऊन लागलं तेव्हा मी सहावीतून सातवीत जाणार होते. यंदा बारावीची परीक्षा दिली. आमच्याकडेही एक ताई शिकवायच्या, देवळाच्या बाजूच्या चौथऱ्यावर, कारण देऊळ बंद होतं. त्या ऑक्टोबरमध्ये मुंबईला परत गेल्या. न सांगता गेल्या. म्हणजे त्यांच्या घरी कुणीतरी आजारी होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. आम्हाला त्या वेळी वाटलं की आमचं काहीतरी चुकलं. आदल्या दिवशी आम्ही फार दंगा केला होता, त्या जरा रागावल्या होत्या. मी आणि माझ्या मैत्रिणीने कागदावर सॉरी लिहून त्यांच्या दारात ठेवलं होतं. स्पेलिंग चुकू नये म्हणून पुस्तकात बघून लिहिलं होतं. घराला कुलूप होतं.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. ताईंमुळे मला इंग्रजीची भीती राहिली नाही, अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हा वर्गात सगळी पुस्तकं इंग्रजी, पहिल्या महिन्यात खूप जणी रडल्या, मी शब्दाचे तुकडे करून वाचत राहिले. तेवढं त्यांनी दिलं. पण मुलांना काही न सांगता गेलं की मुलं कारण स्वतःच शोधतात आणि ते बहुतेक वेळा स्वतःमध्येच शोधतात. खाडीकाठ काका, तुम्ही नंतर गावी गेलात तेव्हा त्या मुलीशी बोललात का? विंड टेक रूफवाली?

खाडीकाठ

नाही बोललो. गणपतीला गेलो तेव्हा ती समोरून गेली, मी हसलो, तीही हसली. एवढंच. मला वाटलं ती विसरली असेल. तुमचं वाचून वाटतंय की मलाच तसं वाटून घ्यायचं होतं.

मूळगाव राजापूर

खाडीकाठ, ती आता सतरा-अठरा वर्षांची असेल ना? आधी तिलाच विचारा की. तीन आठवडे तिने वर्ग चालवला होता.

तांडेलाची सून

मीही हेच लिहायला आले होते. पण तिला फुकट राबवू नका. कॉलेजच्या पोरी सुट्टीत आंब्याच्या पेट्या भरायला जातात, काजूच्या कारखान्यात जातात, त्याचे पैसे मिळतात. तिचा वेळ घेणार असाल तर गावकीतून किंवा तुमच्या मुंबई मंडळातून तिला काहीतरी द्या. तुमचं पोट ऑफिसवर चालतं, तुम्ही फुकट शिकवू शकता. तिचं तसं नाही.

चौथीचा वर्ग

पूर्ण सहमत.

खाडीकाठ

दोन दिवस उशिरा लिहितोय, फोनाफोनी चालू होती.

गुरुजींशी बोललो. नवे आहेत, माझ्या वेळचे बदलून गेले. त्यांनी तिसरी ते पाचवीच्या नऊ मुलांची नावं दिली आणि प्रत्येकापुढे काय अडलंय ते सांगितलं. चौघांचं मराठी वाचनच कच्चं आहे. काका, म्हणजे तुमचा अर्धा तास धरला आहे, त्या चौघांना पूर्ण तास. पुस्तकांची पेटी गुरुजी वाडीत आणून देणार आहेत. आवाज आणि अक्षरांची नावं दोन्ही घ्यायची, कोणत्या क्रमाने तेही त्यांच्याशी ठरलं.

वेळ संध्याकाळी साडेचार, आंबे उतरवून मुलं मोकळी होतात तेव्हा. सुरुवात १ मे, शेवट ३० मेला. ही तारीख पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणार आणि शेवटपर्यंत पुसणार नाही.

मुंबईच्या मंडळात विषय काढला. मानधनाचं मान्य झालंय, रक्कम अजून ठरायची आहे.

आणि तिला काल रात्री फोन केला. ती दापोलीत कॉलेजला आहे. मी आधी माफी मागितली. पंधरा दिवस म्हणालो होतो आणि आलो नाही, हे सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मूळगाव राजापूर, मी तुमचे दहा आकडे मोजले. मग म्हणाली, "काका, आम्हाला वाटलं तुम्हाला करोना झाला. आई म्हणायची विचारू नका." इतकी वर्षं त्या घरात मी बरा आहे की नाही हा प्रश्न होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ती येणार आहे, पण पहिले चार दिवस नाही, तिची परीक्षा आहे. तोवर तांडेलाच्या सूनबाईंसारखी एखादी आई आमच्या वाडीत शोधतोय. दोघींची नावं काकीने सुचवली आहेत.

तिने एक काम मात्र लगेच सांगितलं. आमच्या वर्गातली अक्षरांची कार्डं तिच्याकडे अजून आहेत, पण त्यांतलं पी आणि एन पावसात गेलं. येताना जाड पुठ्ठा घेऊन या म्हणाली.

सुरंगीचो वळेसर

पुठ्ठो कित्याक इकत घेतास? आंब्याच्या पेटयेचो घेवा. मे महिन्यात व्हयो तेवढो गावात.